सव्वा मिलीला जरा कमी

ती : ऐकलंत?

सासरे : काय?

ती : कपाटाखालून आलं. मशीन थांबवलं म्हणून कळलं. शिंकली ती.

सासरे : घरात पाच मिनिटं शांतता झाली की तुला काहीतरी ऐकू येतंच. न्हाणीघरातला पाइप वाजला असेल.

ती : पाइप नाकातून वाजत नाही, बाबा. हे बघा, परत. एक, दोन... तीन.

टिकली : आजच्या एकवीस झाल्या. माझी हाताची बोटं संपली, मग मी पायाची मोजली, तरी एक उरली.

ती : आणि मला सांगितलं नाहीस?

टिकली : तूच म्हणालीस, सगळ्या शर्टांची काजं होईपर्यंत मशीनजवळ फिरकायचं नाही.

ती : बरं, आता फिरक. बॅटरी आण ती. पिशवी, ये गं बाहेर. ये बाई, ये माझी राणी. एरवी कापड कापायला घेतलं की बरोब्बर त्याच्यावर येऊन बसतेस, आज काय झालं? अशी... अरे देवा, हा डोळा बघा हिचा. डावा. पार चिकटलाय.

सासरे : सर्दी आहे. नाक वाहतं, डोळा वाहतो. तुला होत नाही?

ती : परवा शिंकली तेव्हा मला वाटलं, कापडाचे तंतू उडतात ते गेले असतील नाकात. काल पुन्हा तेच वाटलं. आणि ताटली बघा. सकाळचं खाणं तसंच आहे, वर साय आल्यासारखं सुकलंय.

सासरे : खाईल संध्याकाळी. मी बघतोय तिच्याकडे.

ती : बघताय म्हणजे?

सासरे : म्हणजे लक्ष आहे माझं. चाळीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीमागे काढली मी, सूनबाई. साधं पडसं कुठलं आणि छातीत उतरलेलं कुठलं, हे डॉक्टरांनी मान वर करायच्या आत मला खोकल्यावरून कळायचं. लोक डॉक्टरांच्या आधी मला विचारायचे, कंपाउंडर, काय वाटतं?

ती : तो माणसांचा दवाखाना होता.

सासरे : शिंक ती शिंक.

ती : मी फोन करते. जनावरांच्या डॉक्टर आहेत ना, पुलाच्या टोकाला, त्यांना.

सासरे : शिंकेला डॉक्टर? हसतील तुला.

ती : हसू देत. टिकली, तिला मांडीवर घे आणि गप्प बस. मी स्पीकर लावतेय... हॅलो, डॉक्टर? आमची मांजर दोन दिवस शिंकतेय.

डॉक्टर : वय काय?

ती : सहा. माझ्या मुलीएवढीच. चार महिने मोठी असेल.

डॉक्टर : नाकातून पाणी येतंय की घट्ट?

ती : पाणीच. जरासं पांढरट. डावा डोळा चिकटलाय.

डॉक्टर : पिवळा, हिरवा असा चिकटा नाही ना? बरं. तोंड उघडं ठेवून श्वास घेतेय का? कुत्र्यासारखं?

ती : तोंड... थांबा हं. टिकली, तिचं तोंड उघडं आहे का बघ.

टिकली : थोडंसं. जीभ दिसत नाही, पण दात दिसतात.

डॉक्टर : हं. खाणं?

ती : सकाळपासून काही नाही.

डॉक्टर : सर्दीत मांजराला वास येत नाही, आणि वास नसला की ते खात नाही. ते आपण बघू. पण तोंडाने श्वास, हे मला आवडलं नाही. घरी काही दिलंत का? औषध, बाम, काही?

ती : नाही नाही. काहीच नाही दिलं.

टिकली : आजोबांनी दिलं.

ती : काय?

टिकली : माझं गुलाबी औषध. माझ्या ड्रॉपरने. मी पाय धरले होते तिचे. तिने अर्धंसुद्धा थुंकलं नाही, आजोबा म्हणाले, शहाणी आहे.

ती : बाबा?

डॉक्टर : कुठलं औषध? हॅलो? बाई, गुलाबी म्हणजे कुठलं?

ती : बाबा, डॉक्टर विचारतायत.

सासरे : तापाचं. लहान मुलांचं. अंग गरम लागत होतं तिचं, कान तर तापलेले. आणि मी काही अंदाजाने दिलेलं नाही. भाजीच्या पिशवीत घालून ताणकाट्याला टांगलं तिला, तीन किलो नऊशे भरली. तेवढ्या वजनाच्या बाळाला बसतं तेवढंच दिलं. सव्वा मिलीला जरा कमी.

डॉक्टर : पॅरासिटामॉल?

सासरे : हो. पॅरासिटामॉल.

डॉक्टर : किती वाजता?

सासरे : दहा पस्तीस. लिहिलंय वहीत.

डॉक्टर : त्यानंतर परत?

सासरे : दुसरा डोस आता द्यायचा होता. ड्रॉपर धुऊन ठेवलाय.

डॉक्टर : तो तिथंच राहू द्या. हात लावू नका. आता तिचा ओठ वर करा आणि हिरड्यांचा रंग सांगा मला.

ती : मी करते. पिशवी, थांब बाळा... मला कळत नाही. उजेड नाही इथे. टिकली, तू बघ, तुझे डोळे चांगले आहेत.

टिकली : आधी माझ्या खोडरबरासारख्या होत्या.

ती : आणि आत्ता?

टिकली : चहा सांडलेल्या कागदासारख्या.

डॉक्टर : ऐका. तिला घेऊन लगेच निघा. दूध पाजू नका, मीठपाणी देऊन ओकवायला जाऊ नका. घट्ट गुंडाळू नका. औषधाची बाटली आणि ती वही बरोबर आणा. मी दारात असेन.

सासरे : डॉक्टर, पण मात्रा बरोबर होती. मुलाला...

डॉक्टर : मांजराला त्याची बरोबर अशी मात्राच नसते, काका. निघा तुम्ही.

◦

ती : पट्टा लावलास, टिकली? बाबा, तिचं तोंड खिडकीकडे करा. पिशवीच्या कडा दुमडा खाली, हवा लागू दे.

सासरे : दुमडल्यात. आपणहून आत शिरली बघ. मी नुसती पिशवी उघडून धरली, तर आली चालत. एवढं बरं नसताना.

टिकली : तिला वाटलं आजी भाजीला निघाली.

ती : टिकली, पुढे वाकू नकोस. बाबा, श्वास कसा आहे?

सासरे : भरभर. पोट हलतंय. तू रस्त्याकडे बघ.

ती : रस्त्याकडेच बघतेय. विचारायचं होतंत मला. एकदा. नुसतं दारात येऊन.

सासरे : विचारायला आलो होतो. मशीन चालू होतं तुझं. दोनदा हाक मारली, तू म्हणालीस, एवढं संपवू दे बाबा.

ती : मला वाटलं, चहाचं विचारताय.

सासरे : चहा मी माझा करून घेतो. वर्ष झालं करतोय.

ती : तसं नाही म्हणायचं मला.

सासरे : कसं म्हणायचंय ते कळतंय. घरात मी काही दिलं की तू नंतर बाटली उचलून बघतेस. टिकलीला खोकल्याचं दिलं तेव्हाही बघितलीस. मी बाटलीला कागदाची पट्टी डकवतो, खाचा पाडतो, एक खाच एक डोस. चाळीस वर्षांत एक खाच चुकली नाही माझी. तरी तू बघतेस.

ती : बघते. माझी मुलगी आहे ती.

सासरे : माझी नात आहे.

टिकली : आजोबा, ती लाळ गाळतेय. तुमच्या धोतरावर.

सासरे : गाळू दे. धुता येतं.

ती : हिरड्या?

सासरे : तू गाडी चालव.

ती : बाबा, हिरड्या.

सासरे : तपकिरी झाल्यात. आणि हनुवटीखाली जरा सूज वाटते. मला वाटतंय तसं नसेलही. माझा चष्मा घरी राहिला.

ती : हा पुढचा टेम्पो हलत का नाहीये? हाल की रे बाबा. हाल.

सासरे : मी या वेळी थांबायचं नाही असं ठरवलं होतं.

ती : काय?

सासरे : तिच्या वेळी थांबलो ना. साधं पडसं आहे म्हणालो. तीन दिवस मिश्रण देत राहिलो, चौथ्या दिवशी श्वास लागला तेव्हा गाडी बोलावली. म्हणून आज सकाळी हिचं नाक वाहताना दिसलं आणि मी... थांबायचंच नाही म्हटलं. लगेच द्यायचं. ही तिने आणलेली. कोबीबरोबर आणली होती, याच पिशवीतून. मला म्हणाली, कोबी चार दिवस टिकतो, ही जास्त टिकेल.

ती : बाबा, आत्ता आईंचा विषय नको. हात जोडते.

सासरे : आत्ता नको, तेव्हाही नको. घरात तो विषय कधीच नको असतो. रात्रभर खोकायची ती. भिंत केवढीशी आहे मधली. ऐकू तुलाही येत होतं.

टिकली : आई, हिरवा लागलाय.

ती : हो. दिसतोय मला. निघतेच आहे.

◦

डॉक्टर : आणा इकडे. पिशवीसकटच द्या. नाव काय?

ती : पिशवी.

डॉक्टर : ती दिसतेय. मांजराचं.

टिकली : तेच नाव आहे. ती पिशवीतून आली ना.

डॉक्टर : बरं, बरं. चल, पिशवी. बाटली कुठाय? आणि वही? ...हे कुणी लिहिलंय?

सासरे : मी.

डॉक्टर : वजन, ताकद, मात्रा, वेळ. ‘थुंकले नाही.’ कान गरम, नाक वाहते, डावा डोळा. काका, माझ्याकडे लोक येतात आणि म्हणतात, सकाळी कधीतरी, अर्धा चमचा असेल, माहीत नाही. मग मला अंधारात चाचपडत बसावं लागतं. यावरून मला उताऱ्याचा पहिला डोस आत्ता, उभ्या उभ्या काढता येतोय.

सासरे : उतारा आहे याला?

डॉक्टर : आहे. पण तो वेळेत पोचावा लागतो. मांजराच्या यकृताला हे औषध मोडून बाहेर टाकता येत नाही. ते रक्तातच घोटाळत राहतं, आणि मग रक्त प्राणवायू धरून ठेवेनासं होतं. म्हणून हिरड्या तशा दिसतायत.

सासरे : हे मला माहीत नव्हतं.

डॉक्टर : तुमच्या खिडकीवर मांजरं येत नसतील.

सासरे : नाही. यायला हवी होती एखादी.

ती : डॉक्टर, वाचेल ना?

डॉक्टर : आता नळीने प्राणवायू देते, सुई लावते. दर सहा तासांनी उतारा. उद्या सकाळपर्यंत मला काही बोलायला लावू नका.

ती : आणि सर्दी? परवाच आणलं असतं तर?

डॉक्टर : परवा आणलं असतं तर मी म्हणाले असते, न्हाणीघरात गरम पाणी सोडा, वाफेत दहा मिनिटं बसवा. कोमट पाण्याच्या बोळ्याने डोळा पुसा. खाणं जरा गरम करून द्या, म्हणजे वास सुटेल. दिवसभर खाल्लं नाही तर परत या. एवढंच. सर्दीने सहसा काही होत नाही तिला.

ती : एवढंच होतं.

डॉक्टर : एवढंच. बसा बाहेर. या दाराची काच मोठी आहे, दिसत राहील.

(बाकावर तिघं. मधली जागा रिकामी, तिथं आतून परत आलेली, नुसती दुमडलेली कापडी पिशवी. सुनेच्या बोटाला अजून खाकी दोरा गुंडाळलेला आहे, घरून तशीच उठून आलेली. तो सोडवायला गेली तर गाठच बसत जाते.)

सासरे : सूनबाई, हात पुढे कर.

ती : काय आहे?

सासरे : औषधांच्या डब्याची किल्ली. आजपासून तुझ्याकडे.

ती : बाबा, हे काय आता.

सासरे : घे म्हणतो ना. माझ्या खिशात ती मला टोचत राहील.

ती : केवढी तापलीय ही.

सासरे : मुठीत होती. घरापासून.

ती : मांजरापाशी दोन्ही हात होते ना तुमचे?

सासरे : एकाच हाताने धरली होती तिला. दुसऱ्यात ही होती.

ती : मी ठेवते. पण वही तुमचीच. ती मला जमायची नाही.

सासरे : वहीत काय आता लिहू?

डॉक्टर : काका, मोकळे आहात का?

सासरे : झालं का काही?

डॉक्टर : नाही, नाही. सुई लागलीय, मुकाट घेतेय. मला आत दुसरं जनावर बघायचंय आणि माझी मदतनीस आज सुटीवर आहे. काचेजवळ उभं राहून तिचे श्वास मोजाल? पूर्ण एक मिनिट. दर दहा मिनिटांनी. चाळिसाच्या वर गेले की मला हाक मारायची.

सासरे : माझा चष्मा घरी राहिलाय.

डॉक्टर : आमचा एक पडलाय खिडकीत, कुणीतरी विसरून गेलेला. बघा डोळ्याला लागतोय का.

सासरे : लागेल. पोट दिसलं म्हणजे पुरे. टिकली, पेन्सिल दे तुझी. चार अठ्ठावन्न. सुरू.

टिकली : मी पण मोजू?

ती : तू इथं बस माझ्याजवळ. त्यांना मोजू दे.

टिकली : आजोबा रडतायत का?

ती : चष्मा दुसऱ्याचा आहे ना, पाणी येतं डोळ्याला.

टिकली : तू खोटं बोललीस की असंच भरभर बोलतेस.

ती : बरं, हळू बोलते. हो. रडतायत थोडेसे. मोजतायतही.

सासरे : छत्तीस.

ती : छत्तीस. चांगलं आहे, बाबा. चाळिसाच्या आतच आहे.

सासरे : पुढचं पाच आठला.

टिकली : आई, त्या वहीत मागे आजीचं नाव आहे. मी बघितलं, डॉक्टर पानं उलटत होत्या तेव्हा.

ती : माहीत आहे मला.

टिकली : सकाळ, दुपार, रात्र. सकाळ, दुपार, रात्र. सकाळ, दुपार, रात्र. मग कोरं पान.

ती : हळू. आजोबांचं मोजणं चुकेल.

टिकली : ते आत्ता नाही मोजत आहेत. पाच आठला मोजणार आहेत. तेव्हा तू पण घरी होतीस?

ती : होते.

टिकली : मशीनवर?

ती : शाळा सुरू व्हायच्या होत्या. चारशे शर्ट होते.

टिकली : आजी खोकायची ते तुला ऐकू यायचं?

ती : मशीन थांबवलं की यायचं.

टिकली : आज पिशवी शिंकली, तर तू लगेच डॉक्टरांना फोन केलास.

ती : लगेच कुठे गं. दोन दिवस गेले मध्ये.

टिकली : पण केलास. आजोबा नको म्हणत होते, तरी केलास.

ती : हो.

टिकली : मग आजीच्या वेळी का नाही केलास?